एका सेमिस्टरसाठी परदेशी जाताना: आधी काय, नंतर काय?

पाहुणी_सहामाही

पुढच्या वर्षी एक्स्चेंजवर एका सेमिस्टरसाठी परदेशी विद्यापीठात जायचं ठरतंय. तीन पर्याय आहेत, दोन युरोपातले आणि एक अमेरिकेतला. निवड व्हायला अजून वेळ आहे, पण तयारी आतापासून सुरू करावी म्हणते.

शोधायला गेलं की "मनमोकळे राहा, नवे मित्र जोडा, रेनकोट न्या" छाप याद्या मिळतात. मला हवंय ते वेगळं: कशाला किती वेळ लागतो, कुठलं काम कुठल्या कामावर अडतं आणि नेमकं काय फसतं. ठळक शंका अशा:

१. तिकडे केलेले विषय परत आल्यावर धरले जातील याची खात्री कशी करायची?
२. राहायची जागा निघण्याआधीच ठरवावी की तिकडे जाऊन?
३. बँक आणि फोन यांचं काय करायचं?
४. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. पाच महिन्यांचा साठा नेता येतो का?

---

खिडकी_क्रमांक_३

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो. बाकी काही बिघडलं तर पैसे खर्चून किंवा दोन हेलपाटे घालून निस्तरता येतं. विषय धरले गेले नाहीत तर अख्खं सेमिस्टर पुन्हा करावं लागतं.

युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात: वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं आणि त्यात तासिका, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट घेतात, म्हणून बरीच विद्यापीठं तिकडचं १ म्हणजे ईसीटीएसचे २ असं धरतात. पण हे गुणोत्तर तुमच्या विद्यापीठाला मान्य आहे का, ते लेखी विचारा. समन्वयकांनी तोंडी दिलेला होकार परीक्षा विभागात चालत नाही.

मुख्य कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. त्यावर तीन सह्या लागतात: तुमची, तुमच्या विद्यापीठाची आणि तिकडच्या विद्यापीठाची. त्यात तिकडच्या विषयांची नुसती यादी असून भागत नाही. तिकडचा कुठला विषय, कोडसकट, इकडच्या कुठल्या विषयाच्या बदल्यात, अशी जोडी लिहून घ्या. "ऐच्छिक विषय म्हणून धरू" असं मोघम लिहिलेलं असेल तर तुमचा अनिवार्य विषय परत आल्यावर तसाच शिल्लक राहतो. या कागदावरची सगळ्यात मोठी फसगत हीच.

विषय निवडताना ३० हवे असतील तर ४०-४५ क्रेडिटचे मंजूर करून ठेवा. कारणं साधी आहेत. तिकडच्या वेबसाइटवर दिसणारा विषय फक्त दुसऱ्या सेमिस्टरला असतो. दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात. पाहुण्या विद्यार्थ्यांच्या जागा आधीच भरतात. किंवा विषयाचं नाव इंग्रजीत असतं आणि शिकवतात स्थानिक भाषेत! "शिकवण्याची भाषा" हा रकाना प्रत्येक विषयापुढे तपासा, विभागाच्या मुखपृष्ठावरच्या वाक्यावर जाऊ नका.

तिकडे पोहोचल्यावर विषय बदलायचा झाला तर क्रम असा ठेवा: नव्या विषयाचा अभ्यासक्रम घरच्या विभागाला ईमेलने पाठवा, लेखी होकार मिळवा, मग नोंदणी बदला. उलटं करू नका. इरॅस्मसच्या (युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेच्या) चौकटीत असे बदल सेमिस्टर सुरू झाल्यापासून साधारण पाच आठवड्यांत उरकायचे असतात. इतर करारांत मुदत याहून कमी असू शकते.

प्रत्येक विषयाच्या माहितीचं पान पीडीएफ करून ठेवा. त्यात कोड, वर्ष, तास, क्रेडिट, आठवडावार घटक, वाचनसूची आणि मूल्यमापनाची पद्धत दिसली पाहिजे. पुढच्या वर्षी तेच पान बदलतं किंवा गायब होतं आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी ते मागतं.

गुणांचं रूपांतरही निघण्याआधी विचारा. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, इटलीत ३० पैकी १८ ला. जर्मनीत तर गणित उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. फ्रान्समध्ये १४ गुण चांगले समजतात. त्याचे कुणी सरळ भागाकार करून ७० टक्के केले तर तुमचं नुकसान. रूपांतराचा तक्ता तुमच्या विद्यापीठाकडे आहे का, की निकाल नुसता पास-नापास असा नोंदवतात? पास-नापास असेल तर सरासरीवर परिणाम होत नाही, आणि अवघड विषय घ्यायला ते बरं पडतं.

शेवटचं, परीक्षांच्या तारखा. जर्मनीसारख्या ठिकाणी हिवाळी सेमिस्टरच्या तासिका ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्याही पुढे जाऊ शकतात. तुमचं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर तिकीट काढण्याआधी हा पेच सोडवा. काही प्राध्यापक लवकर परीक्षा घेतात किंवा निबंधावर भागवतात, पण ते पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विचारलं तर. फेरपरीक्षा बहुतेक वेळा तुम्ही निघून गेल्यावर असते, हेही लक्षात घ्या.

---

शिक्का_मोर्तब

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी व्हिसा आणि नोंदणीचं लिहिते.

साखळी अशी आहे: तुमचं विद्यापीठ तुमचं नाव कळवतं, मग तिकडचा अर्ज, मग स्वीकृतिपत्र, मग व्हिसा. स्वीकृतिपत्राशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून त्याआधी करण्यासारखी कामं आधी संपवा. त्यात पहिलं पासपोर्टचं. बऱ्याच देशांना सहा महिन्यांची वैधता शिल्लक लागते. शेंगेन देशांत (आपसांत सीमातपासणी नसलेले युरोपीय देश) अल्पमुदतीच्या व्हिसासाठीही पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा. काठावर असेल तर आत्ताच नवा काढा. अर्ध्यात नवा काढला तर व्हिसा जुन्यात आणि तुम्ही दोन्ही सांभाळत फिरता.

नावाचं स्पेलिंग आणि क्रम पासपोर्ट, स्वीकृतिपत्र, विमा, तिकीट या चारही ठिकाणी अक्षरशः एकच हवा. मधलं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर अर्ज परत येतो. दुरुस्ती करायची सगळ्यात सोपी जागा स्वीकृतिपत्र, तेव्हा ते आल्याबरोबर शब्द न् शब्द वाचा.

खर्चाच्या पुराव्यासाठी खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका. ती कुठून आली हे विचारतातच. टाकावी लागलीच तर देणाऱ्याचं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडा.

युरोप: सेमिस्टर ९० दिवसांहून मोठं असल्याने डी वर्गाचा दीर्घमुदतीचा व्हिसा लागतो. त्यावर इतर शेंगेन देशांत फिरता येतं, पण कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. ज्या देशाचा व्हिसा आहे तिथले दिवस या हिशेबात नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तेव्हा "चार दिवस लंडन" हे स्वतंत्र प्रकरण आहे. व्हिसावर किती वेळा प्रवेश लिहिलाय ते बघा. एकदाच असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकल्यावर परत आत येताना अडवतात.

पोहोचल्यावरची नोंदणी लोक विसरतात. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. इटलीत पोहोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. फ्रान्समध्ये निवास परवान्याचं काम करणारा दीर्घमुदतीचा व्हिसा तीन महिन्यांत ऑनलाइन सक्रिय करायचा. इथे वाचणारं कुणी जपानला जात असेल तर घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पालिका कार्यालयात पत्ता द्यायचा.

अमेरिका: एक्स्चेंजसाठी सहसा जे-१ व्हिसा. विद्यापीठ डीएस-२०१९ हा फॉर्म पाठवतं, मुलाखतीआधी सेविसचं (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा) शुल्क भरायचं आणि पावती छापून न्यायची. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी देशात प्रवेश मिळत नाही. संपल्यावर ३० दिवस राहता येतं, पण त्या ३० दिवसांत देशाबाहेर गेलात तर त्या व्हिसावर परत येता येत नाही, म्हणजे मेक्सिकोची सहल आधी करा. मध्येच बाहेर जायचं असेल तर फॉर्मवर प्रवासासाठीची सही आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी घ्या. आणि विषय सोडताना जपून! क्रेडिट पूर्णवेळच्या मर्यादेखाली, पदवीसाठी साधारण १२ च्या खाली, परवानगीशिवाय गेली तर व्हिसाचाच भंग होतो.

विम्याचे किमान आकडे ठरलेले आहेत. जे-१ साठी प्रत्येक आजार वा अपघाताला १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, मृतदेह परत पाठवण्यासाठी २५,००० आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरो. स्वस्त पॉलिसी या आकड्यांत बसते, पण आधीपासूनचे आजार, दात आणि मानसोपचार बहुधा वगळलेले असतात. वगळलेल्या गोष्टींचं पान पहिलं वाचा.

---

पाहुणी_सहामाही

बापरे, जोड्या लावून घ्यायच्या हे डोक्यातच नव्हतं. समन्वयकांनी "बघू नंतर" म्हटलंय, आता ईमेलच करते.

पत्ता नोंदवायला घरमालकाचं पत्र लागतं म्हणता. मग पहिला महिना कुठेतरी तात्पुरतं राहून जागा शोधली तर?

---

भाडेकरू_बाराचा

तिथेच घोडं अडतं. पर्यटकांसाठीच्या अल्पमुदतीच्या जागेत बहुतेक ठिकाणी ते पत्र मिळत नाही. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून निवास परवाना नाही आणि काही बँकांत खातंही नाही. पाच महिन्यांतला दीड महिना यात जातो. तात्पुरतं राहायचंच असेल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: "या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?"

पहिली पसंती विद्यापीठाचं वसतिगृह, महाग वाटलं तरी. करार सेमिस्टरपुरता असतो, फसवणुकीची भीती नाही. अर्ज स्वीकृतिपत्राची वाट न बघता करता येतो का ते विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या तारखेनुसार नंबर लागतो.

खाजगी जागा दुरून घेताना फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. भाडं आजूबाजूच्यापेक्षा कमी, फोटो हॉटेलसारखे चकचकीत, मालक "सध्या परदेशात" आणि अनामत मिळाली की किल्ली कुरिअरने. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी सोडून द्या. फोटो इमेज सर्चमध्ये टाका, तेच घर दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने निघतं. थेट व्हिडिओ कॉल मागा आणि कॉलवर नळ उघडायला, खिडकीतून रस्ता आणि दाराबाहेरची पाटी दाखवायला सांगा. आधी रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीत तुमच्या सांगण्यावरून नळ उघडत नाही. करारावर सही होण्याआधी पैसे पाठवायचे नाहीत आणि पाठवायचे ते बँक खात्यात, करारातल्याच नावावर.

करारात चार गोष्टी बघा: शेवटची तारीख, सोडण्याची पूर्वसूचना (जर्मनीत बेमुदत करार असेल तर तीन महिने), वीज-हीटिंग भाड्यात धरलंय का, आणि अनामत किती दिवसांत व कुठल्या खात्यात परत मिळणार. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

ताबा घ्याल त्या दिवशी सामान लावण्याआधी फोटो काढा: भिंतीचे कोपरे, गादीच्या दोन्ही बाजू, सिंकखालचं कपाट, ओव्हनच्या आतलं, वीज-पाण्याच्या मीटरचा आकडा. ते त्याच दिवशी मालकाला ईमेल करा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही. अंथरूण-पांघरूण बहुतेक वसतिगृहांत मिळत नाही. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर एक चादर केबिन बॅगेत ठेवा.

---

दोन_सिम

फोन आणि पैसे. लोक कार्डांची चर्चा करतात, खरी गाठ असते ओटीपीशी. बँकेचा, सरकारी पोर्टलचा, कॉलेजच्या खात्याचा ओटीपी येणार घरच्या नंबरवर. तो नंबर बंद पडला की खात्यात पैसे असून उपयोग नाही.

घरचा नंबर प्रत्यक्ष सिमकार्डवर ठेवा आणि तिकडचा ई-सिमवर घ्या. उलटं केलं आणि फोन हरवला तर घरच्या नंबरचं ई-सिम दुरून परत मिळवणं फार कठीण जातं. काही कंपन्या प्रत्यक्ष हजर राहायला सांगतात. दोन्ही नंबर एकत्र चालवायला फोन ई-सिम चालणारा आणि कंपनीच्या लॉकमधून मोकळा हवा. रोमिंग निघण्याआधी चालू करा, परतीनंतर महिनाभर पुरेल एवढी वैधता भरा आणि त्या सिमवरचा डेटा रोमिंग बंद करा, नुसते एसएमएस येऊ द्या.

निघण्याच्या तोंडावर नवा फोन घेऊ नका. काही बँकांची अ‍ॅप्स फोन आणि सिम एकमेकांना बांधतात, नव्या फोनवर सुरू करताना घरच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. घ्यायचाच असेल तर महिनाभर आधी. ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्याचे बॅकअप कोड कागदावर छापून पासपोर्टपासून वेगळे ठेवा.

कार्डं दोन, वेगवेगळ्या नेटवर्कची (एक व्हिसा, एक मास्टरकार्ड), आणि दोन्ही एका पाकिटात नकोत. मुदत मुक्कामात संपत असेल तर आधीच बदलून घ्या. परदेशी व्यवहाराची दैनंदिन मर्यादा बघून ठेवा: पहिल्या आठवड्यात अनामत, पहिलं भाडं आणि नोंदणीचं शुल्क एकदम येतं आणि कार्ड तिथेच नाही म्हणतं.

दुकानातलं यंत्र कधीकधी दोन रकमा दाखवतं, एक तिकडच्या चलनात आणि एक तुमच्या. ओळखीचं चलन बघून बोट तिकडे जातं. नेहमी तिकडचंच चलन निवडा, नाहीतर विनिमयाचा दर तुमच्या बँकेऐवजी यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो महाग असतो. एटीएमवर हाच प्रश्न "रूपांतरासह की रूपांतराविना" असा येतो. तिथे "रूपांतराविना".

युरो वापरणाऱ्या देशांत असाल तर एक नियम उपयोगी पडतो: युरोचं खातं कुठल्याही सदस्य देशातलं असलं तरी त्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) नाकारता येत नाही. फोन कंपनी वा जिम "स्थानिक खातंच हवं" म्हणाली तर हा नियम दाखवा. तरी जिमची आणि फोनची दोन वर्षांची कंत्राटं घेऊ नका, प्रीपेड पुरतं.

---

मात्रा_वेळेवर

गोळ्यांबद्दल. पाच महिन्यांचा साठा सगळीकडे चालेल असं धरू नका. अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी साधारण ९० दिवसांचा साठा नेता येतो. जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्याहून जास्त न्यायची तर आधी आयात परवानगी लागते. हिशेब तीन महिन्यांचा धरा आणि उरलेल्यासाठी तिकडच्या डॉक्टरची वेळ पोहोचल्याबरोबर घ्या, कारण ती मिळायलाच कित्येक आठवडे जाऊ शकतात.

चिठ्ठीवर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा हवी: लेव्होथायरॉक्सिन, अमुक मायक्रोग्रॅम, रोज एक. ब्रँड देशागणिक बदलतो. ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या, कारण या औषधात थोडा फरकही जाणवतो. गोळ्या मूळ पट्टीत, केबिन बॅगेत ठेवा. पट्टी अशी कापू नका की नाव आणि मुदतीचा भाग गेला.

झोपेची, एडीएचडीची किंवा कोडीनयुक्त औषधं असणाऱ्यांसाठी नियम कडक आहेत. शेंगेन देशांत अशी औषधं नेण्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं आणि ते ३० दिवसांपुरतं असतं. अ‍ॅम्फेटामिन असलेली एडीएचडीची औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी चालत नाहीत.

लसींचा हिशेब आज करा. हिपॅटायटिस बी चे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे सहा महिने आधी सुरुवात हवी. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोसांचा पुरावा मागतात आणि तो मिळेपर्यंत विषय नोंदणी अडवतात. दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं.

---

दोन_सिम

सामानाचं राहिलं. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असेल तर चिंता नाही. हेअर ड्रायर, किटलीसारख्या तापणाऱ्या वस्तूंवर सहसा एकच आकडा असतो. १२० व्होल्टची वस्तू २३० वर जळते. उलट २३० ची १२० वर चालवली तर साधारण पाव ताकद उरते, पाणी उकळायची वाट बघत बसा. तिकडेच घ्या.

पॉवर बँक केबिनमध्येच, १०० वॉट-अवरच्या आत. हिशेब: एमएएच भागिले १०००, गुणिले ३.७. म्हणजे २०,००० ची ७४ भरते, चालते. आकडा पुसला गेला असेल तर विमानतळावर काढून घेऊ शकतात.

---

पाहुणी_सहामाही

सगळ्यांचे आभार. निघतानाचं काही? म्हणजे परत येताना.

---

खिडकी_क्रमांक_३

गुणपत्रिका निघण्याआधी मिळत नाही, निकाल नंतर लागतात. ती कोण, कुठल्या पत्त्यावर पाठवणार हे नावासकट विचारून ठेवा. लायब्ररीचा दंड किंवा वसतिगृहाची बाकी राहिली तर काही विद्यापीठं गुणपत्रिका रोखतात.

उपस्थितीच्या प्रमाणपत्रावर पहिली आणि शेवटची तारीख असते आणि शिष्यवृत्ती त्या तारखांवर मोजतात. प्रमाणपत्र शेवटच्या दिवसाआधी सही करून देत नाहीत, तेव्हा तिकीट त्यानंतरचं काढा.

तिकडचं ईमेल खातं थोड्याच दिवसांत बंद होतं. मंजुरीचे ईमेल, विषयबदलाचे होकार, तपासलेले निबंध, सगळं आधी उतरवून घ्या.

---

भाडेकरू_बाराचा

आणि बँक खातं शेवटी बंद करा. अनामत घर सोडल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येते. खातं बंद असलं तर ती मालकाकडे परत जाते आणि पुन्हा मागायला तुम्ही तिथे नसता. पत्त्याची नोंदणी रद्द केल्याची पावती मात्र जवळ ठेवा, जर्मनीत फोनचं किंवा जिमचं कंत्राट मध्येच संपवायला तीच मागतात.